सरावलीतल्या लाकडी स्की

पहिली जोडी मला बोईसरच्या एका भंगाराच्या गोदामात मिळाली. मी तिथं लोखंडी कपाट बघायला गेले होते. लग्न चार वर्षांत मोडलं होतं, सरावलीत दोन खोल्यांची जागा नुकतीच भाड्यानं घेतली होती आणि कपडे अजून गाठोड्यांतच होते. कपाटांच्या मागं, परदेशी मालाबरोबर आलेल्या खोक्यांच्या लाकडात, दोन लांब फळ्या तारेनं बांधून टाकलेल्या दिसल्या. पुढची टोकं वर वळलेली.

"मॅडम, ये पानी पे चलने का है. बोट के पीछे बांधते हैं," गोदामवाला म्हणाला.

मी फळ्या उलटून तळ पाहिला. मधोमध लांबच लांब खाच होती आणि दोन्ही कडांना पोलादाच्या पट्ट्या. पट्ट्या एकसंध नव्हत्या, तुकड्यातुकड्यांनी बारीक स्क्रूंवर बसवलेल्या. पाण्यावर चालणाऱ्या फळीला पोलादाची कड कशाला हवी? ती हवी असते बर्फाला.

मला हे ठाऊक होतं, कारण कॉलेजात असताना मी उत्तराखंडात औलीला सात दिवस स्की शिकायला गेले होते. आमचं घर चिंचणीचं, भाजीची आणि फुलांची वाडी. समुद्र रोजचा, पण थंडीत स्वेटर घालायचीही फारशी वेळ येत नसे. वडिलांनी जाऊ दिलं ते बहुधा कवायतीसारखं काहीतरी असेल असं समजून. पाच दिवस मी नुसती पडत होते. सहाव्या दिवशी अख्खा उतार न पडता उतरले आणि खाली पोचल्यावर उगाच मोठ्यानं हसत सुटले. त्यानंतर नोकरी, लग्न, आणि लग्न मोडणं. औली कुठेतरी मागं राहिली.

त्या दिवशी कपाट घेतलं नाही. स्की रिक्षात मावेनात, म्हणून खांद्यावर टाकून चालत निघाले. नेमकी कारखान्यांची पाळी सुटायची वेळ. रस्ताभर कामगार सायकली थांबवून बघत होते. एकानं विचारलं, "मॅडम, ये लगेगा कहां?" मी स्की दुसऱ्या खांद्यावर घेतल्या आणि चालत राहिले.

मी रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सोमवार ते शनिवार माणसांशी बोलणं होतं, पण सगळं नमुन्यांबद्दल. रविवारी दूधवाला सोडला तर कुणाशीच नाही. ते रिकामे रविवार स्कींनी भरत गेले. जुनं वार्निश खरवडायचं, लाकडाला अळशीचं तेल पाजायचं, कडांचा गंज काढायचा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पोलाद आठवड्यात तांबूस होतं, म्हणून दर रविवारी तेलाचं फडकं फिरवावंच लागतं. लाकडी स्कीला मधे हलकी कमान असते. दोन स्की तळाला तळ लावून धरल्या की मधे फट दिसते. ती फट गेली तर स्की मेली. म्हणून ठेवताना टोकं बांधायची आणि मधे लाकडाचा ठोकळा घालायचा. हे मी जुनी पुस्तकं वाचून आणि एक जोडी खराब करून शिकले. रंधा मारताना दुसरं टोक धरायला कुणी नसायचं. मग खिडकीच्या गजाला दोरीनं बांधून काम भागवलं.

हळूहळू नऊ जोड्या झाल्या. एक पुण्याच्या एका आजींनी दिली, त्यांचे यजमान सैन्यात होते. दोन मनालीच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून पार्सलनं आल्या. एक तर एकटीच आली, तिच्या जोडीदाराचा पत्ताच नाही. ती मी मोजत नाही. स्की माझ्यापेक्षा उंच. पुढच्या खोलीत भिंतीला लावून उभ्या असतात. शेजारच्या काकू पापडांच्या वेळी आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या या फळ्या वाळवणाला द्याल का दोन दिवस?" मी दोन दिल्या. निदान त्या परत द्यायला काकू आल्या, आणि चहा घेऊन गेल्या.

पण स्की भिंतीला लावून ठेवायची वस्तू नव्हे, हे मला आत कुठेतरी खुपत होतं. दिवाळीनंतर पालघरच्या पलीकडं डोंगराकडं गवताची कापणी चालते. कापलेल्या वाळक्या गवतावरून पाय सटकतो हे मला माहीत होतं. एका रविवारी सकाळी त्यातली सगळ्यात दणकट जोडी, कातडी बूट आणि मेणबत्ती घेऊन एसटीनं गेले. स्कीच्या तळाला मेण घासलं. टाचेमागून येणारी तारेची केबल पुढं ओढून बूट जखडले. निघाले, आणि दहा पावलांवर तोंडावर आपटले.

वरच्या बाजूला एक म्हातारी गवताचे भारे बांधत होती. विळा हातात तसाच घेऊन ती खाली आली.

"काय गो बाय, काय करतंस?"

"घसरायचा सराव करतेय."

"घसरायला यवढ्या लांब आलीस? संगती कोन नाय?"

"नाही."

ती माझ्याशेजारी बसली. स्कीवरून हात फिरवून लाकूड कोणतं म्हणून विचारलं. परदेशातलं असावं, मी म्हटलं. ती म्हणाली, "आमी ल्हान होतू तवा ताडाच्या झावळीवर बसून याच उतारावरून यायचू. माजी भयीन पुढं, मी मागं. आता भयीन नाय." मग उठली आणि मला हाताला धरून उभं केलं. "गुडघं वाकव. झाडाकडं बगू नको, नायतर झाडावरच जाशील."

पुढच्या खेपेला मी अर्धा उतार उतरले. ती वरून ओरडली, "हां! तशी!" जाताना मी माझा डबा तिच्याबरोबर वाटून खाल्ला. पुढच्या रविवारी परत गेले तेव्हा गवत उचललेलं होतं आणि ती माणसं कामाला दुसरीकडं गेली होती.

यंदाच्या फेब्रुवारीत मी रजा काढून औलीला गेले. तीच जोडी जुन्या चादरीत गुंडाळून रेल्वेनं हरिद्वारला, तिथून बसच्या टपावर. उतारावर सगळ्यांच्या पायात आखूड, रंगीत, नव्या स्की. तिथला शिकवणारा माझ्या स्की बघून हसला, मग गंभीर झाला. "दीदी, ये गिरने पर खुलती नहीं. पैर टूट जाएगा." त्याचं खरं होतं. नव्या स्की पडताना पायातून सुटतात, जुन्या सुटत नाहीत. मी त्याला म्हटलं, हळू जाईन.

पहिल्या दिवशी दोनदा पडले. दुसऱ्यांदा डावा गुडघा असा पिळला की डोळ्यांसमोर अंधारी आली. बर्फात पडल्या पडल्याच केबल सोडवायला गेले तर बोटं वळेनात. कुणी जवळ नव्हतं. हाक मारावी असं वाटलं, पण कुणाच्या नावानं मारायची ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून मी पुन्हा वर गेले. बर्फ रात्रीतून घट्ट झाला होता. देवदारांच्या कडेनं निघाले. लांब स्की वळायला वेळ घेते, घाई चालत नाही. वजन एका पायावर टाकायचं आणि ती वळेपर्यंत थांबायचं. एक वळण झालं, दुसरं झालं, मग मी मोजायचं सोडून दिलं. कडा बर्फ कापताना बारीक खरखर येत होती. समोर नंदादेवीचं शिखर पूर्ण उघडं होतं. न पडता खाली आले.

कुणालातरी सांगावंसं वाटलं. मोबाइलमधली नावं वर-खाली केली. शेवटी चिंचणीला भावाला फोन लावला. मी नवऱ्याला सोडल्यावर त्याचं-माझं बोलणं सणावारापुरतं उरलं होतं.

"काय गो, कुटं हायस?"

"औलीला. बर्फात. आत्ता डोंगरावरून उतरले, न पडता."

"एकटीच?"

"एकटीच."

मागं पंपाचा आवाज येत होता. तो म्हणाला, "बरं. मी पाणी लावतंय मिरचीला, मंग बोलू." फोन ठेवला. मी स्की खांद्यावर घेऊन पुन्हा वर चालायला लागले. दुसरी उतरण चांगली झाली नाही.

घरी आल्यावर आठ दिवसांनी भाऊ दारात उभा. हातात वांग्या-मिरच्यांची पिशवी. माझ्या या घरात तो पहिल्यांदाच येत होता. भिंतीला लावलेल्या स्की त्यानं एकेक करून पाहिल्या आणि विचारलं, "फोटो हाय का तुजा? घसरताना?"

"काढणार कोण?"

तो खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "मंग दाखव बगू, कसं करतात ते."

मी पुढच्या खोलीत मधोमध उभी राहिले. गुडघे वाकवले, तसा डावा ठणकला. हात पुढं धरले, वजन उजव्या पायावर टाकलं, मग हळूच डाव्यावर. तो लक्ष देऊन बघत होता, लहानपणी मी पाढे म्हणताना बघायचा तसा.

"आनि बरफ कुटल्या बाजूला?" त्यानं विचारलं.

मी हातानं खिडकीपासून दारापर्यंतचा उतार दाखवला.