चार पिंजऱ्यांचं पाणी

तहानलेल्या जिवाला पाणी पाजणं हा गुन्हा आहे का? घाईनं ‘नाही’ म्हणून मोकळे होऊ नका. ही गोष्ट जिची आहे तिलाही तसंच वाटलं होतं, आणि त्यापायी एक औषध कचऱ्यात जाता जाता राहिलं.

प्रयोगशाळेच्या मागच्या इमारतीत, पांढऱ्या उंदरांच्या खोलीत ती बावीस वर्षं राबत होती. भुसा बदलायचा, पिंजरे घासायचे, बाटल्या भरायच्या. सगळे तिला मावशी म्हणायचे. कागदोपत्री ती ‘मदतनीस’. तिच्यावाचून तिथलं पान हलत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षी सुई टोचून उंदरांना मधुमेह दिला होता. मधुमेहानं मूत्रपिंडं झिजतात. झोपेच्या वेळी शरीर स्वतःच तयार करतं ते एक हार्मोन पाण्यातून दिलं, तर ही झीज कमी होते का, हे एका तरुण संशोधक बाईंना बघायचं होतं. वरच्या फळीवरच्या बारा पिंजऱ्यांना औषधाचं पाणी, खालच्या बारांना साधं. दोन्हींत फरक दिसला तरच औषध खरं. पण हे मावशीला नीट सांगायची तसदी कोण घेणार? तिला सांगितलं एवढंच, “वरचं वर, खालचं खाली.”

मधुमेही उंदीर पाण्याला वखवखलेले असतात. सकाळी भरलेली बाटली दुपारी ठणठणीत कोरडी. सुट्टीच्या दोन दिवसांत भांडारवाला शुद्ध पाण्याच्या खोलीला कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून घरी जायचा. नळाचं पाणी द्यायला सक्त मनाई. खालच्या फळीच्या टोकाचे चार पिंजरे सगळ्यांत आधी रिकामे व्हायचे, आणि उंदीर कोरडी नळी चाटत बसायचे.

मावशीला ते बघवेना. घरी तिची धाकटी बहीण होती, तिचीही मूत्रपिंडं मधुमेहानं खाल्लेली. डॉक्टरांनी तिला दिवसाचं पाणी मोजून दिलेलं, आणि तो पेला भरायचं काम मावशीकडे. सुकलेल्या ओठांची तिला चांगलीच ओळख होती.

एका सुट्टीला तिनं फ्रिजमधला औषधाच्या पाण्याचा कॅन काढला आणि त्या चार बाटल्या भरल्या. पाणी ते पाणी. वर औषध आहे, तर भलंच होईल. पुढच्या सुट्टीलाही भरल्या. असं तीन महिने चाललं. भरलेली बाटली विसरू नये म्हणून कपाटाच्या दाराला आतून, पिंजऱ्याच्या नंबरापुढे खडूची रेघ ओढायची तिची जुनी खोड. साध्या पाण्याला उभी रेघ. या पाण्याला ती आडवी ओढू लागली.

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “वा गं, ताई. उंदरांना बाटलीभर आणि मला अर्धा पेला. पुढच्या जन्मी शेपूटच मागून घेते.”

तीन महिन्यांनी मूत्रपिंडं तपासली. संशोधक बाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. विभागाचे मोठे साहेब पिंजऱ्यांच्या खोलीत येऊन म्हणाले, “साध्या पाण्यावरच्यांतही बरीच मूत्रपिंडं ठीक आहेत. मग औषधानं केलं काय? गुंडाळा.”

पिंजरा घासणारा मावशीचा ब्रश थांबला.

“ठीक आहेत ती टोकाच्या चार पिंजऱ्यांतलीच का?” तिनं विचारलं.

“मावशी, तू भुसा बघ,” साहेब म्हणाले आणि निघून गेले.

संध्याकाळी पेला भरताना ती अर्ध्यावर थांबायचंच विसरली. बहिणीनं सगळं काढून घेतलं.

“सांगितलंस तर?”

“नोकरी जाईल.”

“आणि गप्प बसलीस तर?”

“औषध जाईल.”

बहीण पाण्याचा एक घोट तोंडात घोळवत राहिली. “माझं व्हायचं ते झालंय. पण आईला मधुमेह होता, मला झाला. तुझी लेक रांगेत उभीच आहे, ताई.”

सकाळी मावशी साहेबांच्या खोलीत गेली. संशोधक बाई तिथंच होत्या. तिसऱ्या खुर्चीवर फायलींचा ढीग. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

“अक्कल कुठं गहाण टाकली होतीस?” साहेब कडाडले.

“अक्कल इथंच होती, साहेब. किल्ली नव्हती.”

संशोधक बाई उंदरांच्या खोलीतल्या कपाटापाशी गेल्या आणि खडूच्या रेघा पिंजऱ्यागणिक ताडून आल्या. आडव्या रेघा असलेले चार पिंजरे बाजूला काढले, तर उरलेल्या आठांची मूत्रपिंडं पार झिजलेली. वरच्या फळीवरची कितीतरी बरी. पण असा निवडून काढलेला निकाल टिकत नाही. प्रयोग पहिल्यापासून करायला हवा होता.

“आधी हिला घरी पाठवा,” साहेब म्हणाले.

“पाठवा,” संशोधक बाई म्हणाल्या. “पुढच्या वेळी चूक होईलच, सर. फक्त सांगायला कुणी येणार नाही.”

नोकरी राहिली. मावशीला ताकीद मिळाली, आणि शुद्ध पाण्याच्या खोलीची दुसरी किल्लीही. त्या दिवशी संशोधक बाईंनी तिला पहिल्यांदा नीट समजावलं, वरचं वर का आणि खालचं खाली का. दुसऱ्या खेपेला फरक स्वच्छ दिसला. इजा नाहीशी झाली नाही, कमी झाली, तीही उंदरांत. माणसापर्यंतचा पल्ला लांबचा आहे. बहिणीचा पेला अजून अर्धाच भरला जातो.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही हाताखाली कुणीतरी बाटल्या भरत असेल. उद्या ते माणूस दारात येऊन म्हणालं, “माझ्याकडून चूक झाली,” तर ओरडायचं ते मागाहून ओरडा. आधी खुर्चीवरच्या फायली उचला आणि त्याला बसू द्या.