झिंग्याच्या टरफलांचा पापुद्रा

"चिकटलं तं नाही ना?" हे सरांचं पालुपद. शेजारच्या हॉटेलवाल्यानं डोसा उलथला की सर मान पुढे काढून विचारणारच. आम्ही बाजारवाले हसायचो. तुम्हीही हसला असता.

पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात मी सुके झिंगे विकते. माल आंध्रच्या किनाऱ्यावरून ट्रकनं येतो. पाखडला की डोकी, पाय, टरफलं यांचा ढीग पडतो, आणि वास असा की कुत्रंही तोंड फिरवतं. सर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. एक दिवस नाकाला रुमाल लावून आले.

"मावशी, हा कचरा फेकू नका. मले पाह्यजे."

"काहून? कोंबड्या पाळल्या का?"

"औषध करून राह्यलो. जळलेल्या अंगावर लावाले."

मी कपाळावर हात मारला. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस, आणि समुद्राच्या कचऱ्याचं औषध! पण दर बाजारी पिशवी भरून न्यायचे. टरफलं आम्लात भिजवायची, कॉस्टिक सोड्यात उकळायची, मग विरघळवून काचेवर पसरायची. वाळली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चकती निघे. गाव त्यांना झिंगेसर म्हणायला लागलं. "नाव चांगलं हाय," म्हणून तेही हसायचे.

त्यांच्या पोरीचं मला एका बाजारी त्यांनीच सांगितलं, टरफलं निवडता निवडता.

ते घडलं त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. भाव येईल म्हणून घरोघरी खोल्या छतापर्यंत कापसानं भरलेल्या. सरांच्या घरात भावाच्या शेतातला कापूस होता. कुठून ठिणगी पडली कोण जाणे, खोली पेटली. आत त्यांची सात वर्षांची पोर. सरांनी तिला बाहेर ओढलं, दुसऱ्या खोलीतला पांढराशुभ्र कापूस अंगभर लावला आणि चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेली. आमच्याकडे भाजलं की हेच करतात हो. कापसाच्या मुलखात माणसाला दुसरं काय सुचणार?

तो कापूस जखमांत रुतला. दवाखान्यात एकेक पुंजका ओढून काढावा लागला. पोर वाचली नाही.

"आग तं विझली होती मावशी," सर म्हणाले. "कापूस म्या लावला. वेचणी लागली का तिचा आवाज येते मले. दिवसाढवळ्या येते."

मला रडू आवरलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हटलं, जा बाबा, नंतर ये.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरांना बजावलं होतं, तपासणी झाल्याशिवाय हे कोणालाही लावायचं नाही. बरोबरच होतं ते. पण एकदा उकळता सोडा सरांच्याच हातावर सांडला, आणि त्यांनी धुऊन त्यावर आपली चकती लावली.

सर आता नाहीत. पुढच्याच पावसाळ्यात झोपेत गेले. मला मात्र ते दिसतात त्या दिवशीसारखे, हातावरची चकती काढायला बाही वर करून माझ्या दुकानापुढे बसलेले.

"मावशी, तुम्ही काढा. माह्या हातानं होत नाही."

मी साबणानं हात धुऊन आले. सरांनी डोळे मिटले, दात आवळले. मी नखानं कड उचलली. चकती अलगद सुटून आली. खाली कोवळी गुलाबी कातडी होती.

"झालं सर," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. दुसरा हात बाजूला नेला आणि सात वर्षांच्या पोरीचं डोकं जिथं येईल तिथं, रिकाम्या हवेत, कुरवाळल्यासारखा फिरवत राहिले.

"पाह्य बेटा," म्हणाले, "आता दुखत नाही."