भाऊजींचा आंध्रात जायचा रस्ता

निघण्याआधीच आपण पोहोचणार नाही याची इतकी पक्की खात्री असलेला माणूस मी आमच्या भाऊजींशिवाय दुसरा पाहिला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बसगाड्यांच्या कारखान्यात पत्रे ठोकण्यात त्यांचा जन्म गेला, आणि गाड्यांमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाचा रस्त्यांवर मात्र काडीचा विश्वास नव्हता. वरोऱ्याला त्यांच्या घरी पाहुणा आला की जयभीम होताच पहिला प्रश्न असायचा, "कोन्या रस्त्यानं आले?" पाहुण्यानं कोणताही रस्ता सांगितला तरी उत्तर एकच. "वाचले म्हनजे." सकाळचं वर्तमानपत्र ते शेवटच्या पानापासून उघडत आणि कुठला पूल खचला, कुठे झाड आडवं पडलं ते आधी शोधत. तसं काही सापडलं नाही तर त्यांना अधिकच काळजी वाटे. रस्ता गुळगुळीत लागला की गाडीचा वेग कमी करून म्हणत, "एवढा चांगला रस्ता हाये म्हनजे पुढं काई तरी असन."

अशा माणसाच्या नशिबी घराएवढी गाडी घेऊन राज्याची सीमा ओलांडायचं काम यावं, हे काही बरं झालं नाही.

माझ्या दोन बहिणी. मोठीला आम्ही बाई म्हणायचो. ती भाऊजींची बायको. धाकटीचं लग्न सीमेपलीकडे कागजनगरकडच्या एका गावात झालं, तेव्हा तिकडे आंध्र होतं. तेलुगू बोलता बोलता ती सगळ्यांची अक्का झाली, आमचीही. पुढे बाई विहिरीच्या पायरीवरून पडली आणि तिची कंबर गेली. घटकाभर बसली तरी कळा यायच्या. पडून राहायचं एवढंच तिच्या हाती उरलं. तिकडे अक्काचे यजमान लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. एकीला उठता येत नव्हतं आणि दुसरीला उठून येता येत नव्हतं. सात वर्षं दोघींची भेट नव्हती. रेल्वे होती, पण दोन मिनिटं थांबणाऱ्या पॅसेंजरच्या गर्दीत बाईला आडवी चढवणार कशी? जीपमध्ये एकदा घालून पाहिलं, तर भद्रावतीही आली नाही आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती रडून राह्यली नाही, नुसतं पाणी येतंय, असं तिनं आम्हांला सांगितलं. त्या दिवशी भाऊजींनी जीप माघारी वळवली आणि महिन्याभरानं एका ठेकेदाराची मजूर नेणारी जुनी बस दारात आणून उभी केली.

त्या बसचं त्यांनी घर केलं. सगळ्या सीटा काढल्या. मागे मोरी, तिच्या बाजूला ओटा नि स्टोव्ह, खिडक्यांना बाईच्या जुन्या लुगड्यांचे पडदे. मधोमध खाट, पण ती जमिनीवर नव्हतीच. ट्रकच्या ट्यूब कापून त्यांनी रुंद पट्टे केले होते आणि त्या पट्ट्यांवर खाट छताला टांगली होती. गचका रबरानं खावा, बाईच्या कंबरेनं नाही, एवढाच हिशोब. परीक्षेसाठी मला त्या खाटेवर आडवं करून माझ्या पोटावर पाण्यानं भरलेला लोटा ठेवला आणि चंद्रपूरपर्यंत नेलं. मी शाळामास्तर माणूस. बाजूनं जाणाऱ्या बसमधून माझेच विद्यार्थी खिडकीतून पाहत होते. चंद्रपुरात गाडी थांबवून भाऊजींनी लोट्यात डोकावलं. "मास्तर, अर्धा सांडला," ते म्हणाले. मी म्हटलं, "तो मी हसलो म्हणून सांडला." त्यांचा विश्वास बसला नाही. आणखी दोन पट्टे वाढवले.

गाडी तयार झाली आणि खरं संकट सुरू झालं. आंध्रात शिरायचं कुठून? कोरपन्यावरून जावं तर सिमेंटच्या ट्रकांची रांग. तिच्यात अडकलो तर बाईनं किती वेळ तसंच पडून राहायचं? राजुऱ्यावरून जावं तर जंगलातले साग रस्त्यावर झुकलेले, आणि पुढे सीमेवरचा नाका. म्हणून त्यांनी गाडीच्या उंचीचा एक बांबू तोडला आणि रविवारी रविवारी मला घेऊन त्या रस्त्यानं बांबू उभा धरून चालू लागले. जिथे फांदी लागेल तिथे खडूनं खूण, गाडी तेवढी बाजूनं काढायला. एका फॉरेस्ट गार्डानं हटकलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "घर जाते का पाहून राह्यलो." तो बराच वेळ आमच्या मागून चालत आला. तिसरा रस्ता सिरोंच्याचा. तिथे पूल नव्हता, नदी नावेनं पार करायची. भाऊजींनी नावाड्याला विचारलं, दोन नावा एकीला एक बांधल्या तर बस जाईल का? तोही त्यांच्यासारखाच निघाला. त्यानं जराही न हसता विचारलं, "रिकामी का भरेल?" त्यावर दोघं काठावर बसून तासभर बोलले आणि उठताना दोघांचेही चेहरे पडलेले होते. शेवटी तर धानोऱ्यावरून पूर्वेला मध्यप्रदेशात शिरून, बस्तरचं सगळं रान पालथं घालून खालून आंध्रात यायचं, हाही विचार त्यांनी आठवडाभर केला.

यात दोन वर्षं गेली. सुरुवातीला बाई रोज विचारायची, "मले नेता का नुसते रस्तेच मोजता?" मग आठवड्यानं विचारू लागली. आणि एक दिवस मी गेलो तर भाऊजी ओसरीवर एकटेच बसलेले. म्हणाले, "मास्तर, तुमची बहीन पंधरा दिवसांपासून काई विचारून नाई राह्यली." त्या माणसाला खड्डे, फांद्या, नद्या यांची भीती वाटताना मी पाहिली होती; ही भीती वेगळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राजुऱ्याच्या रस्त्यानं निघालो.

वाटेत एकही फांदी लागली नाही. खाट पाळण्यासारखी हलत होती आणि बाई खिडकीतून सागाची फुलं पाहत होती. भाऊजी मात्र क्षणाक्षणाला मागे वळून विचारत, "दुखते का?" ती म्हणायची, "समोर पाहा न तुम्ही." नाक्यावर पोहोचलो तेव्हा दहा वाजले असतील. आंध्राच्या कारकुनानं कागद पाहिले, गाडीभोवती एक फेरी मारली, पायरीवर चढून आत डोकावला आणि खाली येऊन अगदी सभ्यपणे म्हणाला, "कागज बस का है, अंदर घर है. घर का पर्मिट मेरे पास नहीं है." जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज करा, पंधरा-वीस दिवसांत कागद येईल, असंही त्यानं सांगितलं. मी भांडायला निघालो तर भाऊजींनी माझा दंड धरला. "तो बराबर सांगून राह्यला," ते म्हणाले आणि गाडीच्या पायरीवर जाऊन बसले. दोन वर्षं त्यांनी रस्ता मोजला, झाडं मोजली, नदी मोजली. कागदाचं काही त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आतून बाईनं मला हाक मारली. "अक्काचं गाव इथून किती दूर हाये?"

"बसनं दीड तास."

"तं जा न मंग. तिले घेऊन ये. तुले तं पर्मिट नाई लागत."

मी गेलो. अक्कानं शेजारणीला यजमानांजवळ बसवलं, अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली आणि दुपारी एक-दीडला त्या आडव्या दांड्याखालून वाकून अलीकडे आली. गाडीत चढली ती सरळ खाटेवर जाऊन बाईच्या शेजारी आडवी झाली. पट्टे खाली आले तसं बाई म्हणाली, "अवं, तुटन ते." मग दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता दुसरंच काही सुरू झालं, म्हणून मी खाली उतरलो. तीन तास आतून अर्धं मराठी, अर्धं तेलुगू ऐकू येत होतं. अक्कानं तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, भात टाकला. मधे तो कारकून आला, पायरीखाली चपला काढून आत गेला आणि ताटभर जेवून गेला.

भाऊजी आत गेले नाहीत. त्यांनी बांबू काढला आणि नाक्याच्या कमानीखाली उभा धरून पाहिला. परत येऊन मला म्हणाले, "चार बोटं उरले असते, मास्तर." संध्याकाळच्या बसनं अक्का गेली तेव्हा पुन्हा तेच म्हणाले. परतीच्या वाटेवर बाई मागून बोलली, "भेट झाली न आता. काऊन एवढं मनाले लावून घेता?" ते म्हणाले, "भेट झाली. पन मी नेलं नाई."

त्यांनी अर्ज केले; ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. पुढे बाईनंच सांगितलं, आता नाई लागत मले पर्मिट. दोन हिवाळ्यांनी ती गेली. निरोप पोहोचला, पण यजमानांना सोडून अक्काला येता आलं नाही. महिन्यानं बाईची लुगडी तिला द्यायला मी आणि भाऊजी बल्लारशावरून पॅसेंजरनं निघालो. खिडकीशी त्यांना जागा मिळाली. मांडीवर लुगड्यांची पिशवी. रस्त्याबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, याचंच मला वाईट वाटत होतं. बऱ्याच वेळानं एका स्टेशनावर तेलुगू पाटी दिसली तेव्हा ते जरा सावरून बसले.

"मास्तर, सीमा कुठी हाये?"

"गेली भाऊजी. मागंच गेली."

त्यांनी डब्यात पाहिलं. लोक पेंगत होते, एक म्हातारी शेंगा सोलत होती.

"कोनी काई विचारलं नाई," ते म्हणाले.

"नाही."

गाडी हलली. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, वरचं लुगडं नीट घडी घालून पुन्हा ठेवलं, आणि अक्काचं गाव येईपर्यंत पिशवीवरचा हात काढला नाही.