कॅप्टन, द्राक्षासव आणि माझी टाच

डॉक्टरबाईंनी रबरी हातोडीने माझ्या गुडघ्याखाली टकटक केलं, आणि त्या, मी आणि माझी बायको माधुरी असे तिघेही गुडघ्याकडे बघत राहिलो. गुडघा हलला नाही. दुसऱ्यानेही काही उत्साह दाखवला नाही. बाई सुदानच्या, आवाज अगदी मऊ. म्हणाल्या, "गियाँ-बारे सिंड्रोम असावा. आज घरी जाता येणार नाही."

त्यावर मी विचारलं, "पण गाडी तासाभराच्या पार्किंगमध्ये लावलीय, तिचं काय?"

माणसाला घाबरायची वेळ येते तेव्हा तो घाबरतोच असं नाही, हे तेव्हा कळलं. माधुरी रडत होती आणि मी पार्किंगचा विचार करत होतो. पाय बधिर होतेच, मनही त्यांच्या सोबतीला गेलं असावं.

तुमच्यापैकी कुणावर ही पाळी आली तर उपयोगी पडावं म्हणून सुरुवातीपासून सांगतो. मी कतारमध्ये, मेसईदच्या खत कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर. वर्ल्ड कपच्या आधीचा उन्हाळा होता, अख्खं दोहा खणून पुन्हा बुजवणं चाललं होतं. एक दिवस पोट बिघडलं, दोन दिवसांनी सुधारलं, मी विसरून गेलो. पुढे काही दिवसांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी बुटांना दोष दिला, नवे बूट आणले. मग कंपनीच्या बसच्या पायऱ्या चढताना पाय उचलेना, तेव्हा बसला दोष दिला. चष्मा हातातून पडला तेव्हा दोष द्यायला काही उरलं नाही. हातापायांना एकदम मुंग्या येऊन ताकद जायला लागली तर बूट बदलू नका, डॉक्टरकडे जा. हा आजार पायांकडून वर सरकतो आणि छातीपर्यंत पोचला तर श्वास अडतो.

मग तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढतात. ऐकायला वाटतं तितकं दुखत नाही. नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसांमधून विजेचा झटका किती वेगाने जातो ते बघतात. मी आयुष्यभर कारखान्यातल्या वायरी तपासल्या, आता माझ्या तपासल्या गेल्या. निष्कर्ष तोच, वरचं आवरण खराब. आपल्याच शरीराची संरक्षक फौज चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. त्यावर आयव्हीआयजी नावाचं औषध शिरेतून देतात. दुसऱ्या लोकांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं असतात ती. कुणाकुणाचं रक्त माझ्यात गेलं, देव जाणे. त्यांना इथूनच नमस्कार.

आयसीयूत रोज एका दमात आकडे मोजायला लावत. दम कुठे संपतो त्यावरून फुप्फुसांची ताकद कळते. मी इंग्रजीत मोजलं की लवकर संपायचा, मराठीत भराभर मोजलं की पुढे जायचो. सिस्टर म्हणाली, भाषा बदलायची नाही. लबाडी करायला तरी डोकं शाबूत आहे, एवढंच समाधान माधुरीने मानलं. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. छताकडे बघायचं, ते पांढरं होतं.

श्वास वाचला. पाय गेले ते गेलेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, नसा परत येतात पण फार सावकाश, आणि किती येतील हे आत्ता सांगता येत नाही. मला रिहॅबिलिटेशनच्या इमारतीत हलवलं. म्हणजे जिथे मोठ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवतात.

तिथे कॅप्टन भेटला.

त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. वॉर्डात सगळे त्याला कॅप्टनच म्हणायचे, आणि तो प्रत्येकाला सांगायचा की मी कधीच कुठल्या टीमचा कॅप्टन नव्हतो, मला वेळेवर यायलाच जमलं नाही. ब्राझीलचा माणूस, पन्नाशीला टेकलेला, माझ्याच वयाचा. एके काळी त्याने तिथल्या फुटबॉल संघाची ती पिवळी जर्सी घातलेली. फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये दोन समांतर दांड्या असतात, त्यांना धरून चालायचं. एका जोडीत मी, शेजारच्या जोडीत तो. आमचा फिजिओ जोजी, कोट्टयमचा, माझ्या कमरेचा पट्टा धरून मागून चालायचा. मी शाळेत असताना खो-खोच्या संघात राखीव होतो आणि राखीवच राहिलो. तो मी, एका वर्ल्ड क्लास फुटबॉलपटूच्या शेजारी, त्याच्याच वेगाने चालत होतो. दोघंही तीन पावलांत घामाघूम.

त्याला पेरिफेरल न्यूरोपथी होती, म्हणजे हातापायांच्या टोकाच्या नसा मरणं. त्याच्या बाबतीत कारण दारू. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोरच त्याला बजावलं होतं की उरलंय ते टिकवायचं असेल तर एक थेंब चालणार नाही. चॉकलेटमधला नको, खोकल्याच्या औषधातला नको. त्याने मान डोलावली. रमजानपासून त्याने घेतली नव्हती.

दुपारी आम्ही व्हीलचेअर खिडकीपाशी लावून बसायचो. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं ऑफिसातलं, मध्ये दोघांना येणारं थोडं अरबी. मला तो "सादीक" म्हणायचा, म्हणजे मित्र. समोरच्या इमारतीवर एका तरुण खेळाडूचं दहा मजली चित्र लावलेलं, पायाशी बॉल. त्याच्याकडे बघत कॅप्टन आपली गोष्ट सांगायचा, दुसऱ्याच कुणाची सांगावी तशी.

नदीकाठच्या बंदरात जन्मला. ओहोटी लागली की चिखलात अनवाणी खेळायचे, चिखलात बॉल उसळत नाही म्हणून पायाने त्याला समजावत न्यावं लागायचं. सोळाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या क्लबने नेलं, विसाव्या वर्षी युरोपने. मग घोटा दुखावला. क्लबला थांबायला वेळ नव्हता. मॅचच्या आधी घोट्यात सुई टोचायची, पाय बधिर करायचा, खेळवायचं. मॅच संपली की रात्रभर ठणका. झोप यावी म्हणून आधी एक ग्लास, मग बाटली.

"मला ते बधिरपण आवडायला लागलं," तो म्हणाला. "पायाला सुई होती. बाकीच्याला बाटली."

वर्ल्ड कपच्या संघाच्या सराव शिबिराला तो चार दिवस उशिरा पोचला. नाव कापलं. आपल्या संघाची मॅच त्याने एका हॉटेलच्या बारमध्ये पाहिली, आणि दुसरा अर्धा भाग त्याला आठवत नव्हता. मग क्लब लहान लहान होत गेले, देश बदलत गेले, शेवटी इथे आला. तेव्हा म्हाताऱ्या खेळाडूंना इथे चांगला पगार मिळायचा. खेळ संपला, मुलांना शिकवू लागला, तेही सुटलं. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं म्हणून राहिला. आता वर्ल्ड कप तोंडावर आल्यावर पत्रकारांना त्याची आठवण झाली. सगळ्यांना एकच हवं होतं, वाया गेलेल्या माणसाचे दोन शब्द. म्हणून तो फोन बंदच ठेवायचा.

माधुरी रोज उम्म सलाल मोहम्मदच्या आमच्या घरून डबा घेऊन यायची. कॅप्टनला तिने वरणभाताची सवय लावली. तो तिला "मादाम" म्हणायचा आणि ती लाजायची, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी मला कधी अशी लाजली नव्हती. एकदा तिच्या आईने नाशिकहून कुणाबरोबर तरी द्राक्षासवाच्या दोन बाटल्या पाठवल्या, अशक्तपणावर. माधुरी म्हणाली, "अहो, एक त्यांना देते. तुमच्यासारखेच पाय आहेत बिचाऱ्यांचे."

मी म्हटलं, दे की. जेवणानंतर दोन चमचे, हेही सांग म्हटलं.

ती जाता जाता त्याच्या खोलीत बाटली देऊन घरी गेली. मी जेवलो, माझे दोन चमचे घेतले. इतके दिवस कशाची चव लागत नव्हती. आज घशातून छातीपर्यंत एक ऊब उतरत गेली, आणि मी खूश झालो की चला, काहीतरी कळायला लागलं. मग कळलं की काय कळतंय.

आसव. आंबवलेलं. त्यात दारूचा अंश असतो, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच आठवत नाही, कारण ते कपाटात आल्याच्या वड्यांशेजारी असतं. लहान मुलांना देतो आपण.

कॅप्टनला फोन लावला, बंद. बेलच्या बटणावर बोट ठेवलं. पण सिस्टर आली असती तर काय सांगणार होतो? या देशात, हॉस्पिटलात, माझ्या बायकोने एका दारू सोडलेल्या माणसाला बाटली आणून दिली. बोट काढलं.

वॉकर पलंगाला टेकलेला होता. जोजीने पट्टा धरल्याशिवाय मी तोपर्यंत एक पाऊल टाकलं नव्हतं. आता पुढचं कुणी करू नका, पडून मांडीचं हाड मोडणारे कमी नाहीत. मी केलं. कॅप्टनची खोली कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. वॉकर पुढे सरकवायचा, एक पाय, दुसरा पाय. पाय जमिनीवर आहे की हवेत ते कळत नव्हतं, खाली बघून ठरवावं लागत होतं. एक मलबारी आजोबा व्हीलचेअरवरून मला मागे टाकून गेले आणि जाताना "यल्ला, यल्ला" म्हणाले, म्हणजे चल, चल लवकर.

भीती त्या कॉरिडॉरमध्ये वाटली. एवढ्या महिन्यांची सगळी एकदम. आणि ती माझ्या पायांसाठी नव्हती, कॅप्टनसाठी होती.

कॅप्टन खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. बाटली खिडकीच्या कट्ट्यावर, झाकण उघडं. शेजारी चमचा, माझ्या बायकोने दिलेला. चमचा कोरडा होता.

"उघडली," तो म्हणाला. "वास घेतला. वास मला लांबूनही कळतो, सादीक."

"मग झाकण का नाही लावलंस?"

"हात लावला असता तर प्यालो असतो. म्हणून हात मांडीखाली घालून बसलोय."

मी विचारलं, बेल का नाही वाजवली. तो म्हणाला, "मादामचं नाव आलं असतं. कुणीतरी येईल म्हणून थांबलो."

माधुरीला जाऊन दोन तास होऊन गेले होते. दोन तास तो त्या बाटलीसमोर बसून होता. नव्वद मिनिटांची मॅचसुद्धा मध्ये थांबते.

मी वॉकरच्या पिशवीत बाटली घातली, बाथरूमपर्यंत गेलो आणि बेसिनमध्ये ओतली. द्राक्षं, लवंग, दालचिनी, आमच्या नाशिकच्या घराचा वास सगळीकडे पसरला. कॅप्टनने तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. "गेली?" त्याने विचारलं. मी नळ बराच वेळ सोडून ठेवला आणि मग म्हटलं, "खलास."

तेव्हा तो वळला. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघू लागला. बाथरूमपासून त्याच्या पलंगापर्यंत मी आलो ते सगळं त्याने पाहिलं. म्हणाला, "तुझी डावी टाच टेकतेय."

मला काहीच जाणवत नव्हतं. "काल टेकत नव्हती," तो म्हणाला. "जोजीला विचार. मी आयुष्यभर लोकांचे पायच बघितलेत."

मी त्याच्या पलंगावर बसलो आणि मला रडू आलं. आयसीयूत आलं नव्हतं, तपासण्यांत आलं नव्हतं. तो शेजारी बसून होता, हात अजूनही मांडीखालीच. परत जायची ताकद माझ्यात उरली नव्हती, मग बेल वाजवलीच. सिस्टरने दोघांनाही शाळेतल्या पोरांसारखं झापलं. खोलीत कसला वास येतोय, तेही विचारलं. कॅप्टन म्हणाला, मादामचं जेवण.

माधुरीला मी घरी आल्यावर सांगितलं. तिने आधी डोक्याला हात लावला, मग उरलेली बाटलीही ओतून टाकली. माझी होती ती.

आता मी काठी घेऊन चालतो. बोटं अजून बधिर आहेत, डॉक्टरबाई म्हणतात कदाचित अशीच राहतील. चप्पल पायातून सुटते आणि मी तसाच पुढे जातो, मागून माधुरी हाक मारते. पूर्वी राग यायचा, आता परत येऊन चप्पल घालतो. ज्यांना हा आजार झालाय त्यांना एवढंच सांगेन, की आपल्याला कळत नसलं तरी काहीतरी सुधारत असू शकतं. ते बघायला दुसरं माणूस जवळ असू द्या. डॉक्टरबाई, जोजी, ज्यांचं रक्त मिळालं ते अनोळखी लोक, आणि रोज डबा आणणारी बायको, यांचं ऋण आहेच. पण आधी नाव कॅप्टनचं येतं.

त्याच्या खोलीच्या खिडकीसमोरचं ते दहा मजली पोस्टर अजून आहे. मॅचेस अजून सुरू व्हायच्यात. कॅप्टनचा फोन आता रोज संध्याकाळी माझ्यापुरता सुरू होतो. तो विचारतो, "टाच?" मी खाली बघतो आणि सांगतो, "टेकली." मग मी विचारतो, "आणि तू?"

 मग तो म्हणतो, "आज नाही."