मागचं हिरवं

हौसेला मोल नसतं म्हणतात. शहागडच्या रामकिसनची हौस तर घरादाराला नीटशी कळतही नव्हती, मग तिचं मोल कोण करणार? हायवेला त्याचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. दिवसभर क्लचप्लेटा, बेअरिंगा आणि ग्रीसने काळे झालेले हात. पण रविवारी पहाटे हाच माणूस साबणाने हात घासून घासून धुवायचा आणि कपाटातली एक जुनी लेन्स अशी बाहेर काढायचा, की बारशाला पाळण्यातून बाळ उचलतोय असं वाटावं.

लेन्स पन्नास एमएमची, अंगाने जड, हाताने फिरवून नेम धरायची. संभाजीनगरचा एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्याने ती घेतली होती. लेन्सच्या आतलं भोक, म्हणजे हे लोक ज्याला अ‍ॅपर्चर म्हणतात ते, रामकिसन कायम सताड उघडं ठेवायचा. मग ती एका वेळी एकच वस्तू स्वच्छ दाखवायची. गवतावरचा दवाचा थेंब म्हणा, नाहीतर उसाच्या तुऱ्याचं टोक. त्याच्या मागचं सगळं जग विरघळून जायचं. बांध, बाभळी, विजेचे खांब, सगळ्यांच्या कडा सुटायच्या आणि नुसते रंग तरंगत राहायचे. त्या विरघळण्यावर रामकिसनचा जीव होता. डोळा कॅमेऱ्याला लावला की हायवेवरचे हॉर्नसुद्धा त्याला दुसऱ्या कुठल्यातरी गावात वाजल्यासारखे ऐकू यायचे.

फोटो काढून झाले की गोदावरीच्या पुलाजवळच्या हॉटेलात तिघांची बैठक बसायची. एक रामकिसन. दुसरे ख्वाजामियाँ, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांची लेन्स हातभर लांब, आणि नदीच्या पल्याडच्या बगळ्याची पापणी मोजायचा त्यांना नाद. तिसरी अंबडच्या बँकेत नोकरीला असलेली आकांक्षा. तिची लेन्स मुंगीच्या मिशा दाखवायची. आपला तो बाब्या, तसं तिघांचं आपापल्या काचेबद्दल होतं. ख्वाजामियाँ म्हणायचे, माझी लेन्स लांबचं जवळ आणते. आकांक्षा म्हणायची, माझी बारक्याला मोठं करते. रामकिसन पुलाखालच्या धुक्याकडे बघत म्हणायचा, माझी असलेलं नसल्यासारखं करते. मग तिघंही नदीकडे बघत बसायचे. हॉटेलवाला कडूबा कपावरची साय बोटाने दाखवून सांगायचा, की ही माणसं पैसे चहाचे देतात आणि पितात काचा.

त्या पावसाळ्यात तिघांनी अंबडला एका सभागृहात फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरवलं. फोटो पहिल्यांदाच कागदावर, भिंतीवर टांगण्याएवढे मोठे होणार होते. रामकिसनचे फोटो निवडायचं काम आकांक्षाकडे होतं. त्या रविवारी फोटो चाळता चाळता तिने विचारलं, की काका, थंडी सरता सरता आपल्याकडं सगळं रान खाकी होतं, मग तुमच्या थेंबाच्या मागं हे हिरवं येतं कुठून? दर वर्षीच्या फोटोत आहे. आणि हिरव्याच्या वर हे गव्हाळ काय आहे, वाळलेलं पान का?

असा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून रामकिसन किती दिवस वाट बघत होता. गुपित फोडताना त्याचा चेहरा खुलला. मागं रंग नसेल तर ही लेन्स विरघळवणार काय? म्हणून तो बायकोला बरोबर न्यायचा. उषाबाईंना त्यांची एक ठरलेली हिरवी साडी नेसायला सांगायचा आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचा. दुसऱ्याची बायको डबा घेऊन रानात जाते, याची रंग घेऊन जायची.

आकांक्षाने स्क्रीनवरून बोट काढून घेतलं. ख्वाजामियाँनी कप खाली ठेवला.

"रामकिसनभाई," ते म्हणाले, "भाभींना मालूम हाय का, की त्या रंग म्हणून उभ्या राह्यल्यात?"

त्यात मालूम असायचं काय, असं रामकिसन म्हणाला खरा; पण म्हणता म्हणताच त्याला घरचे शनिवार-रविवार आठवले. उषाबाई शनिवारीच साडीला इस्त्री करून ठेवायच्या. निघताना काजळ घालायच्या, वेणीत एखादं अबोलीचं फूल माळायच्या. तो ओरडायचा, अजून मागं, अजून मागं, की त्या निमूट मागे सरायच्या, पदर सारखा करायच्या आणि ताठ उभ्या राहायच्या. परत येताना न चुकता विचारायच्या, नीट आला का? तो म्हणायचा, लई भारी आला. कॅमेऱ्याची स्क्रीन आगपेटीएवढी, त्यावर ऊन, आणि त्यांचा चष्मा घरी. त्या बघायच्या आणि समाधानाने मान डोलवायच्या. बाई इतकी वर्षं आपल्या फोटोला उभी राहत होती, आणि या शहाण्याने तिचा पडदा केला होता.

त्याने तिथेच बसून सगळे फोटो धुंडाळले. थेंब होते, तुरे होते, करडईची फुलं होती, कोळ्याची जाळी होती. मागे हिरवं होतं, वर गव्हाळ ठिपका होता. नाकडोळे एकाही फोटोत नव्हते. लग्नाकार्यात दुसऱ्यांनी काढलेले उषाबाईंचे फोटो होते, लेकीच्या मोबाइलमध्येही होते. ज्या लेन्सवर त्याचा जीव होता, तिच्यातून मात्र बायको त्याने एकदाही बघितली नव्हती.

सांगून टाकावं असं त्याने ठरवलं. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता आठवडा चालला. घरी तर वेगळीच धामधूम. उषाबाईंनी कुंभार पिंपळगावच्या बहिणीला, गोजरबाईला, फोनवर कळवलं होतं की माझा फोटो भिंतीवर लागणार हाय, बघायला ये. रामकिसन दुकानातून आला की त्या विचारायच्या, केवढा मोठा केलाय, दारातून दिसंल का? तो ताटात मान घालायचा. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याला आपल्या बायकोची इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि ती तर त्याच्याशी नेहमीपेक्षा गोड बोलत होती.

शेवटी एका संध्याकाळी त्याने धीर करून निम्मी वाट काढली. तुझा एक जवळून फोटो काढतो, तोही लावू, असं तो म्हणाला. उषाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं, तेव्हा खिडकीतला उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता आणि उरलेला अर्धा अंधारात मऊ होऊन गेला होता. रामकिसनला वाटलं, आत्ताच काढावा.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "आता समद्या सुरकुत्या पडल्या. जुने चांगले आलेत म्हणता ना, मंग तेच राहू द्या."

त्यांनी पुन्हा सुपात मान घातली.

प्रदर्शनाच्या दिवशी पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. सभागृहात ओल्या छत्र्यांचा आणि नव्या फ्रेमच्या लाकडाचा वास होता. लोक हळू आवाजात बोलत होते, आणि मोठे केलेले ते फोटो भिंतींवर असे उमटले होते, की कुणाची तरी स्वप्नं वाळत घातलीत असं वाटावं. उषाबाई हिरवी साडी नेसून आल्या. आता ती विटली होती, काठाला दोन ठिकाणी रफू होता. गोजरबाई बरोबर होती. ख्वाजामियाँनी अदबीने सलाम केला आणि घाईघाईने बगळ्यांकडे निघून गेले.

उषाबाई भिंतीच्या कडेने चालत राहिल्या. चष्मा आज आठवणीने आणला होता. प्रत्येक फोटोपुढे थांबायच्या, वरून खाली बघायच्या, पुढच्याकडे जायच्या. करडईचं फूल झालं, जाळं झालं. रामकिसन चार पावलं मागून चालत होता. भिंत संपली, तशा त्या वळल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बघत आल्या.

"मी कुठंय हो?" त्यांनी विचारलं.

गोजरबाई समजूतदार, ती पाणी पिण्याचं निमित्त काढून बाजूला झाली. रामकिसन त्यांना दवाच्या थेंबाच्या फोटोपुढे घेऊन गेला. थेंब नारळाएवढा झाला होता आणि त्याच्या आत उलटं आभाळ दिसत होतं. येणारा जाणारा तिथे थांबून वाहवा करत होता. रामकिसनने थेंबाच्या मागे बोट केलं.

"हे हिरवं," तो म्हणाला. "हे तू हाइस. चूक माझी झाली, उषा. मी थेंबच बघत राह्यलो."

उषाबाई रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि त्या फोटोच्या अगदी जवळ गेल्या. हिरव्यावरून नजर हळूहळू वर नेली. तो गव्हाळ ठिपका होता तिथे त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि किंचित डावीकडे, खाली सरकवलं.

"हितं," त्या म्हणाल्या, "मी हासत होते."

रामकिसनने त्यांच्या बोटाखाली बघितलं. ती कशी हसत असेल हे आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. त्याला फक्त तो थेंब आठवला.