तीन बोटांचं माप

मंगळवार, ११ एप्रिल. सकाळी गॅसचा सिलिंडर बदलला. दुपारी भाऊजींच्या उजव्या हाताला गांधीलमाशी चावली. मधली दोन बोटं चांगलीच सुजली. साबण लावून अंगठी काढली, बटणांच्या डबीत ठेवली आहे. दंतवैद्यांची गाडी खाली अजून उभीच. दूध उतू गेलं.

ही नोंद वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींची. त्या रोज पाच ओळी लिहीत, आणि लिहिलेलं सहसा कुणाच्या उपयोगी पडत नसे. खालच्या मजल्यावर त्यांच्या धाकट्या दिरांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण मास्तर शाळेत नववीपलीकडे गेले नव्हते. गाडी किती खाली बसवायची हे ते बोटांनी ठरवत आणि ते सहसा चुकत नसे, म्हणून ते नाव पडलं. टायर आणि त्याच्यावरचा पत्रा यांच्यामध्ये उजव्या हाताची बोटं आडवी घालायची. सामानाची गाडी असेल तर पाच, घरची असेल तर चार, शर्यतीच्या ट्रॅकवर पळणारी असेल तर तीन. चाळीस वर्षं हेच. मोजायची पोलादी पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असे आणि तिथेच गंजत असे. गिऱ्हाइकं म्हणत, स्वर्ग दोन बोटं उरला तरी मास्तर आधी हात घालून बघतील.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी बस बांधणाऱ्या कारखान्यातली नोकरी सोडून गॅरेजात आली. तिने कॉलेजात हवेचा अभ्यास केला होता. मास्तर तिला चारचौघांत ‘आमच्या इंजिनिअरीणबाई’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

दंतवैद्य रविवारी ट्रॅकवर गाडी पळवत. माणूस अबोल, पण गाडीत बसला की वेगळाच. त्यांच्या गाडीसाठी तिने अॅल्युमिनियमचा पंख तयार केला. डिकीच्या वर, दोन पायांवर उभा. वेगात हवा त्याच्यावरून जाताना मागची चाकं जमिनीला दाबून धरायची, एवढंच त्याचं काम. हवा कुठून जाते ते कळावं म्हणून तिने वहिनींकडून उरलेली लोकर नेली, तिचे वीतभर तुकडे गाडीभर चिकटवले आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून फोटो काढले. दोन महिने गेले. स्वतःच्या डोक्याने केलेलं तिचं हे पहिलं काम. मास्तर म्हणाले, टॉवेल वाळत घालायला बरा आहे.

सोमवारी तिने स्वतःची पट्टी लावून पुढच्या चाकांवरची उंची बसवली. मास्तरांनी बोटं घालून पाहिली, तीन बरोबर बसली. मंगळवारी सकाळी तिने मागची बसवली, आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवले आणि दुपारी बोल्ट आणायला बाजारात गेली. त्यानंतर तासाभराने गांधीलमाशी चावली. वरून हाताला हळद लावून मास्तर खाली आले. सवयीने मागच्या चाकावर हात घातला, तर तिसरं बोट आत जाईना. पोरीने फारच खाली बसवली, असं त्यांना वाटलं. डाव्या हाताने पाना धरून त्यांनी स्प्रिंगखालच्या कड्या फिरवल्या, तिन्ही बोटं नीट बसेपर्यंत गाडी मागून उचलली. मुलीला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलंच नाही.

रविवारी दंतवैद्य ट्रॅकवर गेले आणि सोमवारी गाडी परत घेऊन आले. लांबलचक डाव्या वळणावर वेग वाढला की शेपूट सुटत होतं. दोनदा गाडी गिरकी घेता घेता राहिली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्यांनी खुर्ची नाकारली. शनिवारी न्यायला येईन, पंख काढून ठेवा, म्हणाले. मास्तर लगेच म्हणाले, “मी आधीच बोललो होतो.”

मुलगी चार दिवस पंखाच्या मागे लागली. कोन बदलला, पाय तपासले, लोकर पुन्हा चिकटवली. उंची तपासली नाही. ती तिनेच बसवली होती आणि भिंतीवर लिहिलेली होती. शुक्रवारी सकाळी तिने पाने काढून ठेवले. पंख उतरवायचा आणि जुन्या कारखान्याला नोकरीसाठी पत्र टाकायचं, असं ती वरच्या काकूंना सांगून आली. बाबांना सांगायचं काही कारण नव्हतं.

त्याच दुपारी मास्तर वर जेवायला आले. हाताची सूज उतरली होती, त्यांनी अंगठी मागितली. वहिनींना ठेवलेली जागा आठवेना. मग वही काढायची, हा घरचा रिवाज. चष्मा लावून त्यांनी अकरा तारीख मोठ्याने वाचली. मधली दोन बोटं चांगलीच सुजली, इथवर आल्या आणि मास्तरांचा घास हातातच राहिला.

त्यांनी बोटं ताटाच्या कडेला आडवी धरली. मग विचारलं, “वहिनी, चांगलीच म्हणजे किती?”

“ते कुठे मोजलं? अंगठी निघत नव्हती एवढं खरं.”

ते वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन, हात न धुता खाली गेले. मागच्या चाकावर तीन बोटं घातली, तर ती आत खुळखुळली. टेपने मोजलं. पुढच्यापेक्षा मागे आठ मिलिमीटर जास्त. मागची बाजू उचलली की नाक खाली जातं, हवा पुढच्या चाकांना दाबते आणि मागची हलकी पडतात. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मुलगी पंखाचा पहिला बोल्ट सैल करत होती.

“तो राहू दे,” मास्तर म्हणाले. “दोष त्याचा नाही. मागचं मी वाढवलं.”

“कधी?”

“तू बाजारात गेली होतीस तेव्हा.”

तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मला विचारलं नाहीत.”

“नाही विचारलं.”

“किती वाढवलं?”

“तीन बोटांवर आणलं.”

“कुठल्या तीन बोटांवर, बाबा? सुजलेल्या?”

मास्तरांनी खिळ्यावरची पट्टी काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि तिच्यासमोर धरली. गंजाने आकडे दिसत नव्हते. मग ती टेप धरून बसली, आणि ती सांगेल तेवढं ते पाना फिरवत गेले. दोनदा तिने जास्त झालं म्हणून मागे फिरवायला लावलं. त्यांनी फिरवलं.

शनिवारी दंतवैद्य आले तेव्हा पंख जागेवर होता. त्यांनी भुवया उंचावल्या. मुलगी बोलायच्या आत मास्तर पुढे झाले. सोमवारी मी या पंखाला नावं ठेवली, ते चूक, म्हणाले. उंची मी बिघडवली होती, माझ्या हाताने. आणखी एक रविवार द्या. दंतवैद्यांनी त्यांचा हात हातात घेऊन, दुखरा दात तपासावा तसा, उलटसुलट पाहिला आणि किल्ली घेतली.

रविवारी दुपारी मुलीला त्यांचा फोन आला. डाव्या वळणावर शेपूट हललं नव्हतं. पुढच्या वेळी कोन थोडा वाढवता येईल का, असं त्यांनी विचारलं. मास्तर शेजारी उभे होते. तिने फोन ठेवल्यावर ते म्हणाले की टॉवेल आता दुसरीकडे वाळत घालावे लागतील. कारखान्याचं पत्र तिने टाकलं नाही.

त्या संध्याकाळी वहिनींनी लिहिलं: अंगठी बटणांच्या डबीतच सापडली, भाऊजींना दिली. शिवणाची टेप खालीच आहे, उशीचे अभ्रे बेतायचे राहिले.