सुनीलच्या नावावरच्या फाइली

समजा, तुम्ही श्रीरामपुरातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत कॉम्प्युटरपुढे बसलात. काउंटरपाशी मच्छिंद्र नावाचे शेतकरी उभे आहेत. "बाई, माझा गट त्रेसष्ट हाय, छत्तीस न्हाई," असं त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलंय. तुम्ही अहवालाची फाइल उघडता, आकडा बदलता, जतन करायला जाता आणि पडदा म्हणतो, परवानगी नाही. फाइल कोणाच्या नावावर आहे ते पाहता, तर तिथे सुनील. इथली मशीनं सांभाळणारा तो तर तीन महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून शेवगावच्या कॉलेजात गेला. आता काय कराल?

खरोखरच त्या खुर्चीत बसलेल्या आराधनाने नको ते केलं. पुरतं न पाहता काकासाहेबांना सांगितलं. प्रयोगशाळा त्यांचीच.

"सर, फाइली अजून सुनीलभाऊंच्या नावावर पडतायत."

"आजच्या पण?"

"हो, सकाळच्यासुद्धा."

काकासाहेब खुर्चीतून उठलेच. "म्हंजे गडी शेवगावात बसून आमच्या मशीनमधी शिरतोय व्हय! लई सरळ दाखवायचा." ती "थांबा सर" म्हणेपर्यंत त्यांनी सुनीलच्या नव्या कॉलेजात फोन लावलासुद्धा. प्राचार्य ओळखीचे. उद्या अकरा वाजता प्राचार्यांनी सुनीलला जाब विचारायचं ठरलं. तिथे तो अजून कायम झालेला नव्हता.

आराधनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातली निम्मी स्वतःवरच होती. स्टीफन गुरुजींची ही मुलगी कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन चार ठिकाणी "मुलीला सर्व्हर झेपेल का?" ऐकून आलेली. सुनीलने मात्र पहिल्याच दिवशी तिला स्वतंत्र खातं उघडून दिलं होतं. म्हणाला होता, "बिघडलं तर बिघडू दे. दुरुस्त करायला शिकशील." आणि त्याच माणसाचं नाव तिने असं पुढे केलं!

इंटरनेटवर जो तो एकच उपाय सांगत होता, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका. कुलूपच काढून फेका म्हणे! तसं केलं असतं तर मच्छिंद्रांचा गट सुधारला असता, पण सुनीलवरचा डाग तसाच राहिला असता. तिने दात-ओठ खात ते पान बंद केलं.

आधी तिने नोंदी पाहिल्या. सुनीलच्या खात्यातून तीन महिन्यांत कोणीही आत आलेलं नव्हतं. मग फाइली लिहीत कोण होतं? अहवाल तयार करणारा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालायचा. कंटेनर म्हणजे त्याच मशीनच्या पोटात थाटलेली बंद खोली. तिची खाती वेगळी, बाहेरच्या जगाशी सामायिक फक्त अहवालांचा एक फोल्डर. आराधनाने मशीनला फाइलींच्या मालकांची नावं लपवून नुसते आकडे दाखवायला सांगितलं. मालक, एक हजार. मग कंटेनरमध्ये शिरून प्रोग्रॅमच्या खात्याचा आकडा पाहिला. एक हजार!

फाइलीवर नाव नसतंच, नुसता आकडा असतो. खात्यांची मोजणी हजारापासून सुरू होते. बाहेर पहिलं खातं सुनीलचं, म्हणून त्याला हजार. आतही पहिलं खातं प्रोग्रॅमचं, त्यालाही हजार. बाहेरचं मशीन आकडा वाचून स्वतःच्या यादीतलं नाव लावत होतं. सुनील होता तोवर त्या फाइली त्याला बिनबोभाट दुरुस्त करता यायच्या, म्हणून हे कधी कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"सर, पाचवीच्या हजेरीतला सात नंबर आणि सहावीतला सात नंबर, एकच पोरगं असतं का?"

"न्हाई."

"मग पाचवीतल्याने काच फोडली म्हणून सहावीतल्याला का झोडताय?" तिने पडदाच त्यांच्याकडे फिरवला.

काकासाहेबांनी दोन्ही हजार पाहिले, मान हलवली. "बरं, मिटलं मग. चहा सांग."

"आधी शेवगावला फोन."

"करतो की उद्या."

"आत्ता, सर."

फोन झाला. "काहीतरी तांत्रिक घोळ होता, सोडून द्या," एवढं बोलून त्यांनी तो ठेवला. आराधनाने प्रोग्रॅमसाठी वेगळ्या आकड्याचं खातं उघडलं, कंटेनर त्याच आकड्याने सुरू केला, जुन्या फाइली त्या नव्या खात्याच्या नावावर केल्या आणि दुरुस्तीपुरती परवानगी स्वतःला घेतली. त्रेसष्टचा कागद घेऊन मच्छिंद्र गेले. चहा आला. तिने कपाला हात लावला नाही.

"सर, सुनीलभाऊंनी इथे सहा वर्षं काढली. त्यांचा नंबर तुमच्याकडे आहे, माझ्याकडेही आहे. मग पहिला फोन त्यांनाच करावा, असं आपल्या दोघांपैकी एकालाही का वाटलं नाही?"